सहा खुणांची नशा-तपासणी पट्टी: मनाचे उपचार चालू असलेल्या मुलासाठी घरी आणावी का?

खोक्यात फारसं काही नसतं. फॉइलच्या सीलबंद पाकिटात प्लॅस्टिकची पट्टी किंवा कॅसेट, ओलावा शोषणारी छोटी पुडी, कॅसेट असेल तर ड्रॉपर आणि बारीक इंग्रजी अक्षरांतला घडीचा कागद. लघवीची डबी बहुतेक वेळा वेगळी घ्यावी लागते; मेडिकलमध्ये साध्या लघवी-तपासणीसाठी मिळते तीच चालते. ‘सिक्स पॅनल’ म्हणून विकल्या जाणाऱ्या पट्टीवर साधारण या खुणा असतात: टीएचसी म्हणजे गांजा, चरस, भांग, एमओपी म्हणजे अफू, मॉर्फिन, ब्राउन शुगर, एएमपी आणि एमईटी म्हणजे अँफेटामाइन आणि मेथ, सीओसी म्हणजे कोकेन, आणि बीझेडओ म्हणजे झोपेच्या, घबराटीच्या गोळ्या. कंपनीनुसार एखादी खूण बदलते, म्हणून घेण्याआधी खोक्याची मागची बाजू वाचावी.

हे परीक्षण एका विशिष्ट घरासाठी आहे. मूल तेरा ते अठराच्या दरम्यानचं, त्याला नैराश्य, चिंता, एडीएचडी (लक्ष न लागणं, अतिचंचलपणा) किंवा असाच काही त्रास, उपचार चालू आहेत किंवा व्हायला हवेत, आणि आईवडिलांच्या मनात शंकेचा किडा शिरलेला. अशा घरात या किटचे दोष दुप्पट महाग पडतात. मुलाच्या पोटात आधीच औषधं असतात, ती पट्टीला गोंधळात टाकतात. शिवाय घरच्यांवरचा विश्वास हा त्याच्या उपचाराचा मोठा भाग असतो, आणि ही पट्टी पहिला घाव तिथेच घालते.

आधी वापराबद्दल, कारण निम्म्या चुका तिथेच होतात. पट्टी २ ते ३० अंश सेल्सिअसमध्ये ठेवायची. उन्हाळ्यात बंद गाडीत किंवा गॅसजवळच्या फडताळात ठेवलेली पट्टी विश्वासाची राहत नाही. पाकीट फोडलं की लगेच वापरायची. कोकणातल्या पावसाळी हवेत तर फोडून ठेवण्याचा प्रश्नच नाही. पट्टी बुडवायची असेल तर बाणाच्या रेषेपर्यंतच, १० ते १५ सेकंद. बाणाच्या वर लघवी गेली तर रंग धुऊन जातो आणि निकाल निरर्थक होतो. कॅसेट असेल तर प्रत्येक खळग्यात साधारण ३ थेंब, बुडबुडा न येऊ देता. ५ मिनिटांनी वाचायची, १० मिनिटांनंतर काय दिसतं त्याकडे बघायचंच नाही. रात्री करून ठेवलेली पट्टी सकाळी कचऱ्याच्या डब्यातून काढून पुन्हा न्याहाळण्यात काही अर्थ नसतो.

आता सगळ्यात मोठी चूक. गरोदरपणाच्या आणि कोविडच्या किटमुळे आपल्या डोळ्यांना एक सवय लागली आहे: दोन रेषा म्हणजे ‘पॉझिटिव्ह’. इथे बरोबर उलट. दोन रेषा म्हणजे नशेचा पदार्थ ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त सापडला नाही. ‘सी’पाशी (पट्टी नीट चालली हे सांगणारी जागा) एकच रेषा आणि ‘टी’पाशी (पदार्थ तपासणारी जागा) काहीच नाही, म्हणजे सापडला. कारण सोपं आहे. ‘टी’च्या जागी त्या पदार्थाचाच अंश कागदावर चिकटवलेला असतो. लघवीबरोबर वर सरकणारे रंगीत अँटिबॉडीचे कण त्याला जाऊन चिकटले की रेषा उमटते. लघवीत तो पदार्थ आधीच असेल तर हे कण वाटेतच त्याच्याशी बांधले जातात, ‘टी’पर्यंत मोकळं कोणी पोचत नाही आणि जागा कोरी राहते. म्हणूनच ‘टी’ची रेषा कितीही फिकट असली तरी ती रेषाच. फिकट म्हणजे ‘थोडीशी घेतली असेल’ असा अर्थ अजिबात नाही. ‘सी’चीच रेषा आली नाही तर ती पट्टी बाद. उत्पादकांनी हा मजकूर ठळक मराठीत आणि हिंदीत छापायला हवा. इतक्या साध्या गोष्टीमुळे निर्दोष मुलाच्या खोलीची झडती होऊ शकते.

आता मुख्य मुद्दा. पट्टीला जे सापडतं आणि मुलाला ज्याने इजा होते, या दोन यादींची गाठ फारशी पडत नाही.

दारू तिच्यात नाही. तंबाखू, गुटखा, वेप नाहीत. व्हाइटनर, थिनर, पंक्चरचं सोल्युशन हे हुंगण्याचे पदार्थ नाहीत. ही त्रुटी किरकोळ समजू नये. एम्सच्या राष्ट्रीय व्यसन उपचार केंद्राने केंद्र सरकारसाठी केलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी सर्वेक्षणात हुंगण्याचे पदार्थ हा एकच प्रकार असा निघाला, ज्यात मुलांचं प्रमाण मोठ्यांपेक्षा जास्त होतं: १० ते १७ वयात १.१७ टक्के, मोठ्यांत ०.५८ टक्के. म्हणजे मुलांची म्हणून जी खास नशा आहे, नेमकी तीच या पट्टीला दिसत नाही. वर्गात दप्तरात सहज खपणारी आणि काही तासांत वास उडून जाणारी ही नशा ओळखायची तर लघवीपेक्षा बाहीवरचे पांढरे डाग, नाका-तोंडाभोवतीचं पुरळ आणि एका महिन्यात संपलेल्या चार बाटल्या जास्त सांगतात.

मुंबई-पुण्याकडे ‘एमडी’ म्हणून ओळखलं जाणारं मेफेड्रोन ‘एएमपी’ किंवा ‘एमईटी’ खुणेवर खात्रीने उमटत नाही. त्याची घडणच त्या अँटिबॉडीला नीट ओळखू येत नाही. भुलीचं औषध केटामाइन, कृत्रिम गांजा, नसांच्या दुखण्यावरचं प्रिगॅबॅलिन यांचंही तेच. ट्रॅमाडॉल, टॅपेंटाडॉल आणि फेंटानिल ही वेदनाशामकं अफूच्या परिवारातली असली तरी मॉर्फिनच्या रेषेवर येत नाहीत. आजोबांच्या गुडघ्याच्या ऑपरेशनवेळची ट्रॅमाडॉलची उरलेली पाकिटं मुलाने संपवली, तरी पट्टी दोन रेषा दाखवत निर्विकार बसेल.

बीझेडओची रेषा तर या घरांसाठी सगळ्यात फसवी. ही खूण जुन्या डायझेपामसारख्या औषधांच्या अवशेषांवर बेतलेली असते. अल्प्राझोलाम, ज्याला मालेगावकडे ‘कुत्ता गोळी’ म्हणतात, ते तिला बऱ्यापैकी सापडतं. पण त्याच गटातली क्लोनाझेपाम आणि लोराझेपाम अनेकदा हातातून निसटतात. मनोविकाराच्या औषधांत क्लोनाझेपाम किती सर्रास लिहिलं जातं हे वेगळं सांगायला नको. म्हणजे डॉक्टरांनी दिलेली गोळी मूल घेतंय की नाही, की दोनच्या जागी पाच घेतंय, यातलं काहीच या रेषेवरून कळत नाही. एडीएचडीसाठीचं मिथाइलफेनिडेटही साधारणपणे ‘एएमपी’वर येत नाही. ‘गोळी घेतली असती तर पट्टीवर दिसली असती’ असं म्हणून मुलाला खोटं पाडू नका.

उलट दिशेची फसगतही तेवढीच. नैराश्यासाठी किंवा सिगारेट सोडण्यासाठी दिलं जाणारं ब्युप्रोपिऑन ‘एएमपी’ची रेषा पुसू शकतं. नैराश्यावरच्याच सर्ट्रालिनमुळे बीझेडओ खोटंच पॉझिटिव्ह आल्याची नोंद औषधाच्या माहितीपत्रकातच असते. सर्दीच्या गोळ्यांतलं स्यूडोएफेड्रिन आणि उलटी-ॲलर्जीचं प्रोमेथाझिन हेही अँफेटामाइनच्या खुणेला चकवतात. कोडीनचं खोकल्याचं औषध मॉर्फिनच्या रेषेवर खरंच पॉझिटिव्ह येतं, कारण शरीरात त्याचा काही भाग मॉर्फिनमध्येच बदलतो. आणि दिवाळीतले अनारसे! खसखस अफूच्याच बोंडातली. एमओपीची मर्यादा ३०० नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर असलेल्या पट्टीवर खसखस भरपूर घातलेला पदार्थ खाल्ल्यावर रेषा जाऊ शकते. अमेरिकेत सरकारी तपासणीची मर्यादा याच कारणामुळे १९९८ मध्ये ३०० वरून २००० वर नेली. बाजारातल्या बऱ्याच पट्ट्या अजून ३०० वरच आहेत. एमओपीसमोर कोणता आकडा छापला आहे ते खोक्यावर बघा. होळीची भांग किंवा पानटपरीवरची ‘मुनक्का’ गोळी आणि गांजाची सिगारेट यांतला फरकही टीएचसीच्या रेषेला कळत नाही. तिला फक्त ५० नॅनोग्रॅमच्या वरचा अवशेष दिसतो.

‘किती दिवसांपूर्वीचं कळतं?’ असा प्रश्न दुकानदाराला हमखास विचारला जातो. कोकेन, अँफेटामाइन, अफू यांचा माग साधारण दोन-चार दिवस. गांजा एकदाच ओढला असेल तर तीनेक दिवस, पण रोज ओढणाऱ्याच्या लघवीत तो चरबीत साठून झिरपत राहतो, त्यामुळे महिनाभरही पॉझिटिव्ह येऊ शकतो. पंधरा दिवसांपूर्वी सोडलेल्या मुलाची ‘टी’ची जागा आज कोरी राहिली, म्हणजे निकाल पॉझिटिव्ह आला, तर तो खोटारडा ठरत नाही. नेमक्या या वळणावर मूल म्हणतं, ‘सोडूनही चोरच ठरतो तर सोडायचं कशाला?’ चिंता-नैराश्याच्या मुलाच्या डोक्यात हा हिशेब फार वेगाने होतो.

त्याहून वाईट हिशेब दुसरा. गांजा आठवडे सापडतो, दारू आणि व्हाइटनर सापडतच नाहीत, एमडी बहुधा सुटतं. दर शनिवारी घरी पट्टी होते हे कळलेलं हुशार पोर नशा सोडत नाही, बदलतं. आणि ज्या पदार्थांकडे ते वळतं ते जास्त धोक्याचे असतात. क्लोनाझेपामवर असलेल्या मुलाने त्याच रात्री दारू घेतली तर दोन्ही मिळून श्वास मंदावतो. पट्टीने पकडला असता तो गांजा यापेक्षा परवडला, असं म्हणायची वेळ येते. (गांजा निरुपद्रवी आहे असा याचा अर्थ नाही. घरात स्किझोफ्रेनियाचा इतिहास असेल तर किशोरवयातला गांजा फार घातक ठरू शकतो.)

लघवीत पाणी मिसळणं, आधी दोन लिटर पाणी पिणं हे प्रकार सगळ्यांना माहीत. प्रयोगशाळेत लघवीचं तापमान लगेच, चार मिनिटांच्या आत, ३२ ते ३८ अंशांच्या दरम्यान आहे का ते पाहतात आणि क्रिएटिनिन (लघवीतून नेहमी बाहेर पडणारा शरीरातला टाकाऊ पदार्थ) २० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या खाली असेल तर नमुना पातळ धरतात. घरच्या पट्टीत यातलं काहीच नसतं. म्हणजे खरं तर मुलाच्या समोर उभं राहून नमुना घ्यावा लागेल. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलीच्या बाथरूमच्या दाराशी वडील उभे राहतात, हे चित्र डोळ्यांसमोर आणा आणि मग किटची खरी किंमत काढा. अमेरिकन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्स ही बालरोगतज्ज्ञांची संघटना पालकांनी घरी अशी तपासणी करू नये असं २००७ पासून सांगत आली आहे, आणि त्यांची कारणंही साधारण हीच आहेत.

मग ही पट्टी कुठेच कामाची नाही? आहे, दवाखान्यात. मूल अचानक भास झाल्यासारखं बोलू लागलं, रात्री-अपरात्री आक्रमक झालं, तर मानसोपचारतज्ज्ञ किंवा कॅज्युअल्टीतले डॉक्टर ती वापरतात; औषध ठरवायला ते लागतं. व्यसनमुक्तीच्या उपचारात मुलाच्या संमतीने, ‘या आठवड्यात काय झालं ते तू आधी सांग, मग बघू’ असं ठरवून केली तर ती मुलाच्या बाजूने साक्ष देते. तिथे शंका आली तर तोच नमुना मास स्पेक्ट्रोमेट्रीच्या तपासणीला पाठवता येतो. नेमका पदार्थ तिथेच कळतो. पट्टीवरचं उत्तर म्हणजे नुसता ‘कदाचित’. दवाखान्यात ५ पैकी ४ गुण, घरात दीड.

हेच पैसे, काही शे रुपये, घालायचेच तर आम्ही कुलूप लागणारा पत्र्याचा डबा सुचवू. चेष्टा नाही. किशोरवयात गोळ्यांची नशा आणि आत्महत्येचा प्रयत्न, दोन्हींची सुरुवात बऱ्याचदा घरातल्याच कपाटातून होते: आजीचं अल्प्राझोलाम, वडिलांच्या पाठदुखीच्या गोळ्या, अर्धी राहिलेली खोकल्याची बाटली. सगळी औषधं त्यात ठेवा. मुलाची स्वतःची औषधंही. डॉक्टरांना एका वेळी सात दिवसांचीच द्यायला सांगा. प्रत्येक पाकिटावर पेनने तारीख आणि शिल्लक गोळ्यांचा आकडा लिहा, रोजची गोळी मोठ्या माणसाने हातावर द्यावी आणि ती समोर गिळली जावी. जुनी पाकिटं बाजूला ‘लागेल कधीतरी’ म्हणून साठवू नका. गावाकडे असाल तर शेतातल्या कीटकनाशकाच्या बाटल्यांनाही तोच नियम आणि तेच कुलूप.

दुसरी, फुकटची गोष्ट म्हणजे सहा प्रश्न. बोस्टनच्या बालरुग्णालयात तयार झालेली क्राफ्ट नावाची ही प्रश्नावली डॉक्टर वापरतात, पण तिचा आशय घरच्या गप्पांतही चालतो. दारू किंवा नशेत असलेल्या माणसाच्या गाडीवर कधी बसलास का? मन हलकं करायला, चारचौघांत मिसळता यावं म्हणून घेतोस का? एकटा असताना घेतोस का? त्या वेळी काय केलं ते आठवत नाही असं होतं का? घरचे किंवा मित्र ‘कमी कर’ म्हणाले का? त्यामुळे अडचणीत आलास का? दोन किंवा जास्त प्रश्नांना ‘हो’ आलं तर डॉक्टरकडे जायला हवं. मनाचा त्रास असलेल्या मुलाच्या बाबतीत दुसरा आणि तिसरा प्रश्न सगळ्यात मोलाचे. मित्रांबरोबर ‘मजा म्हणून’ घेणारा आणि परीक्षेच्या आदल्या रात्री खोलीत एकटाच धडधड थांबवायला घेणारा, या दोघांची पट्टी सारखीच दिसते, पण दुसऱ्याला नशेपेक्षा चिंतेवर उपचार लागतात. ते मिळाले तर नशेची गरजच बऱ्याच अंशी संपते. एडीएचडीतही हेच. योग्य उपचाराने पुढच्या व्यसनाचा धोका वाढत नाही, हे बऱ्याच अभ्यासांनी दाखवलं आहे. ‘आत्ता गोळी दिली तर पुढे गोळ्यांचाच होईल’ ही भीती मागे ठेवून द्या.

प्रश्न विचारायची वेळ निवडावी लागते. समोरासमोर बसवून नाही. स्कूटरवर मागे, भांडी घासताना, रात्री गच्चीवर, जिथे नजरेला नजर द्यावी लागत नाही. उत्तर ‘हो’ आलं तर त्या क्षणी गप्प राहणं हे सगळ्यात अवघड काम. ‘कधीपासून?’ च्या आधी ‘घेतल्यावर काय बरं वाटतं?’ विचारा. त्या उत्तरात झोप असते, धडधड असते, कोणीतरी सोडून गेलेलं असतं.

फोनचा पर्याय खिशातच आहे. १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झालेली टेलि-मानस ही सरकारी सेवा १४४१६ वर चोवीस तास, फुकट आणि मराठीतही मिळते. पालकही बोलू शकतात. आधी समुपदेशक, गरज असेल तर पुढे तज्ज्ञ. फोन करण्याआधी तीन गोष्टी कागदावर लिहून ठेवा: चालू औषधांची नावं आणि डोस, झोपेत-अभ्यासात-मित्रांत गेल्या महिन्यात काय बदललं, आणि मरणाची भाषा कधी आली का. नशामुक्तीसाठीचा वेगळा क्रमांक १४४४६. सरकारी रुग्णालयांत किशोरांसाठीचे ‘मैत्री’ केंद्र असतात. तिथे मूल एकटंही जाऊ शकतं, हे त्याला माहीत असू द्या. फोनवरची मदत भेटीची जागा घेत नाही, आणि काही वेळा लाइन लागायला थांबावं लागतं. तरी रात्री अकरा वाजता पट्टी हातात घेऊन बाथरूमच्या दाराशी उभं राहण्यापेक्षा हे बरं.

किट घरात आलंच असेल आणि ‘टी’ची जागा कोरी राहिली असेल, म्हणजे पॉझिटिव्ह आलं असेल, तर त्या रात्री काहीच ठरवू नका. मुलाची कोणतीही चालू गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका. क्लोनाझेपामसारखी औषधं नियमित घेणाऱ्याने एकदम थांबवली तर फिट येऊ शकते. पट्टीचा फोटो पाचव्या मिनिटाला काढा, गेल्या चार दिवसांतली सगळी औषधं, सर्दीचीसुद्धा, आणि खसखशीचे पदार्थ खाली लिहा आणि दोन्ही गोष्टी डॉक्टरांना दाखवा. मूल हाक मारून उठत नसेल, श्वास सावकाश किंवा घरघरता असेल, ओठ निळसर दिसत असतील, तर पट्टी कशाला बघताय? त्याला कुशीवर वळवा, तोंडात पाणी, लिंबू, कॉफी काही घालू नका, १०८ लावा आणि घरातली गोळ्यांची रिकामी पाकिटं बरोबर घ्या. डॉक्टरांना त्या पाकिटांवरून जे कळेल ते सहा रेषांवरून कळणार नाही.